विमानातला फोटो

"काका, आजार सुरू व्हायच्या आधी काकूंचे डोळे कसे होते?" भूमिका मॅडमनी विचारलं.

प्रश्न तसा सरळ होता. पण भाईदासनं घसा खाकरला, टोपी काढून मांडीवर ठेवली, पुन्हा डोक्यावर घातली, सुनेकडे पाहिलं, भिंतीवरच्या नाकाची आतली बाजू दाखवणाऱ्या चित्राकडे पाहिलं आणि शेवटी म्हणाला, "चांगला व्हतात."

"चांगले म्हणजे? मोठे होते, बारीक होते? वरची पापणी कुठवर यायची?"

"चांगलाच व्हतात, मॅडम."

आता याच माणसाला त्याच्या पहिल्या बैलजोडीबद्दल विचारा. धरणगावच्या शिवारात कापूस पिकवण्यात जन्म गेलेला गडी. डाव्या बैलाचा उजवा डोळा जरासा घारा होता आणि थंडीच्या दिवसांत सकाळी त्यातून पाणी गळायचं, हे तो झोपेतून उठवलं तरी सांगेल. तो बैल जाऊन तीस वर्षं झाली. बायको शेजारच्या खुर्चीत जिवंत बसली आहे, चाळीस वर्षांचा संसार आहे, आणि हा म्हणतो चांगले होते!

सुनंदाबाईंनी काळा चष्मा काढून मांडीवर ठेवला होता. त्यांनी मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. त्या रागावल्या की त्यांना वाईट वाटलं, हे चेहऱ्यावरून कळायला मार्ग नव्हता. गेली तेरा वर्षं त्यांचे डोळे असे पुढे आलेले, बुबुळाच्या वर आणि खाली पांढरं दिसणारे. राग असो, झोप असो, हसू असो, चेहरा एकच. कोणीतरी मागून येऊन दचकवल्यासारखा.

भूमिका मॅडम नाक-कान-घशाच्या डॉक्टर. जळगावात त्यांचं नाव होतं, आणि मुलाची, हेमराजची, बायको कामिनी हिनं खटपट करून त्यांच्यापर्यंत सासूला आणलं होतं. डोळ्यांचं दुखणं आणि दाखवायचं नाकाच्या डॉक्टरला, हे भाईदासला पहिल्या दिवसापासून पटलेलं नव्हतं. मॅडमनी आज ते नीट सांगितलं. थायरॉईडची ग्रंथी बिघडली की काहीजणांच्या डोळ्यांमागचे स्नायू आणि चरबी सुजते. डोळ्याची खोबण पडली हाडाची, ती काही ऐसपैस होत नाही. मग डोळ्यालाच पुढे यावं लागतं. पुढे आलेला डोळा झोपेत पुरता मिटत नाही, सुकतो, त्याला जखमा होतात. सुनंदाबाईंच्या उजव्या बुबुळावर मागच्या वर्षी एक जखम होऊन गेली होती. तशीच आणखी एक झाली तर नजर जायची भीती होती. म्हणून आता नाकातून दुर्बीण घालायची आणि खोबणीची नाकाकडची आणि खालची पातळ भिंत काढून टाकायची. मागे जागा झाली की डोळा आपल्या घरी परत जातो. बाहेरून एक टाका दिसणार नाही.

"पोतं गच्च भरं का तोंड फुगस," भाईदास हळूच म्हणाला. "बाजूनी शिवण उसवी दिधी ते कापूस तिकडे सरकी जास."

"अगदी तसंच," मॅडम म्हणाल्या. "मी तुमची शिवण उसवणार आहे, काकू. पण किती उसवायची ते मला आधी ठरवावं लागतं. तुमचे होते तसे डोळे तुम्हाला द्यायचेत, माझ्या मनाचे नाहीत. म्हणून आजाराच्या आधीचा एक फोटो आणा. समोरून काढलेला असला तर उत्तमच."

कामिनी म्हणाली, आम्ही आणतो. भाईदासनंही मान डोलावली. सुनंदाबाईंनी चष्मा लावला आणि त्या उठल्या.

दोघं धरणगावला परतले. घरी आल्यावर सुनंदाबाईंनी हातपाय धुतले, देवापुढे दिवा लावला, चहा केला, नवऱ्यापुढे कप ठेवला आणि म्हणाल्या, "माले नही करनं ऑपरेशन."

भाईदासचा कप तसाच राहिला. "काबर?"

"मन्हा डोया कसा व्हतात हाई घरधनीलेच माहित नही. मंग त्या आत गयात काय नि बाहेर ऱ्हायनात काय?"

"तसं नही व..."

"बैलना डोया तोंडपाठ शेत तुमले."

"नजर जाई ना पन. डॉक्टर काय म्हने, आयकं ना तू?"

"जाऊ द्या. मी आरसा कवयच सोडी दिधा. चेहरा दुसरानी दखाकरता रहास. दखनाराच नही ते कोनाकरता नाक फोडी लेऊ?"

एवढं बोलून त्या आत गेल्या. हेमराजचा फोन आला तेव्हा त्यालाही त्यांनी हेच सांगितलं. कामिनीनं समजावलं, तिलाही हेच. त्या एकदा नाही म्हणाल्या की नाही, हे साऱ्या घराला ठाऊक होतं.

भाईदास ओट्यावर येऊन बसला. त्याला राग यायला पाहिजे होता, पण आला नाही. बाईचं खरं होतं.

गेल्या तेरा वर्षांतल्या डोळ्यांबद्दल विचारलं असतं तर त्यानं तासभर सांगितलं असतं. आधी वजन उतरलं, हात थरथरायला लागले, छाती धडधडायची. मग थायरॉईड निघालं, गोळ्या सुरू झाल्या, आणि गोळ्यांनी थायरॉईड ताळ्यावर आलं. डोळेही आपोआप आत जातील असं सगळे म्हणत राहिले, ते काही गेले नाहीत. गावात पहिलं वर्ष गमतीत गेलं. कापूस वेचायला आलेल्या बाया सुनंदाबाई बांधावर दिसल्या की गप्पा सोडून खाली मान घालून वेचायच्या. बाजारात भाजीवाला त्यांना मापात कधी फसवत नसे. "तुन्हा डोयासले जग भ्यास," असं भाईदास चिडवायचा आणि त्या हसायच्या. हेमराजच्या लग्नात मात्र मुलीकडच्या एका बाईनं सगळ्यांदेखत विचारलं, विहीणबाई कोणावर एवढ्या रागावल्या आहेत? त्या दिवशी जो काळा चष्मा चढला तो उतरला नाही. लग्नाच्या अल्बममध्ये नवऱ्यामुलाची आई पानोपानी काळा चष्मा लावून उभी आहे. पाहुण्यांना वाटलं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल.

मग श्रावणातल्या कानबाईचं कामही त्यांनी सोडलं. खान्देशात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघर कानबाई बसते. नारळाला लुगडं नेसवायचं, नथ घालायची आणि मेण लावून चांदीचे डोळे बसवायचे. भाईदासच्या घरी ते डोळे बसवायचा मान सुनंदाबाईंचा. त्यांनी तो जावेला, बेबाबाईला देऊन टाकला. "देवीले मन्हा डोया कसाले दखाडू?" म्हणाल्या. भाईदासला हे ऐकून फार वाईट वाटलं होतं.

आणि रात्रीचं तर काय सांगायचं. पापण्या पुरत्या मिटायच्या नाहीत, म्हणून त्या झोपल्या आहेत की जाग्या, हे कळत नसे. कितीदा तरी भाईदासनं शेतातली सगळी हकिगत सांगून संपवली, जिनिंगवाल्याशी झालेला वादही सांगितला, आणि मग ध्यानात आलं की बाईसाहेब मघापासून घोरताहेत. हे डोळे त्याला पाठ होते. आधीचे नव्हते.

फोटो शोधायला सुरुवात झाली. मतदानकार्डावरच्या फोटोत रात्र होती. आधारकार्डाच्या वेळी आजार आलेला होता. हेमराजच्या जावळाचा एक फोटो निघाला, त्यात त्या ताट घेऊन पाठमोऱ्या. लग्नाचा एकुलता एक फोटो भिंतीवर होताच. त्यात नवरदेव पोलिसांनी धरून आणल्यासारखा उभा, आणि शेजारी मुंडावळ्या, हार आणि हनुवटीपर्यंत ओढलेला पदर. पदराच्या आत सुनंदाबाई असाव्यात, असं घरच्यांचं म्हणणं.

त्या काळी घरात भाईदासचे वडील होते, आबा. थोरले भाऊ अभिमन होते. त्यांच्यापुढे सुनेचा पदर कपाळाच्या वर जात नसे, आणि त्यांच्या देखत नवऱ्यानं बायकोकडे पाहणं हा तर निर्लज्जपणा. बोलायचं तर भिंतीकडे पाहून बोलायचं. "भाकर वाढी दे म्हना," असं भाईदास चुलीला सांगायचा आणि भाकर यायची. शेतात ऊन, म्हणून पुन्हा पदर. रात्री दिवा लवकर मालवला जायचा. अशी पंधरा-वीस वर्षं निघून गेली.

तिसऱ्या दिवशी दुपारी कोठीतलं सामान वरखाली करताना भाईदासच्या हाती पोरांचं एक जुनं पत्र्याचं खेळणं आलं. विमान. पंख मोडलेलं. ते हातात घेऊन तो तिथेच खाली बसला.

विमान!

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं तो निघाला. एरंडोलला बदलून धुळ्याची गाडी धरायची आणि धुळ्याच्या अलीकडे फागण्याला उतरायचं. फागणे म्हणजे सुनंदाबाईंचं माहेर. तिथे त्यांचा धाकटा भाऊ नवल आणि त्याची बायको रत्ना. घरी त्यानं सांगितलं, नवलकडे काम आहे. सुनंदाबाईंनी विचारलं नाही.

पारोळा मागे पडलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उन्हाळी नांगरट पडली होती. भाईदास खिडकीशी बसला आणि चाळीस वर्षं मागे गेला.

लग्नानंतरचा पहिला चैत्र. माहेरी गेलेल्या बायकोला आणायला तो फागण्याला गेला होता, आणि सासूनं, पुष्पाबाईनं, आग्रह करून दोघांना धुळ्याला एकवीरेच्या जत्रेला पाठवलं. सोबतीला नवल. पांझरेच्या काठाला पाळणे लागले होते. शेव-जिलबीची दुकानं, बांगड्यांची दुकानं, माणसांचा नुसता लोंढा. ना आबा, ना अभिमन भाऊ, ना गावातलं कोणी. जन्मात पहिल्यांदा दोघं एकमेकांच्या शेजारून चालले. आधी तो पुढे आणि ती चार हात मागे, मग बांगड्यांच्या दुकानापाशी केव्हा बरोबरीनं आली त्याला कळलंच नाही. तिच्या हातातल्या नव्या बांगड्यांचा आवाज अजून त्याच्या कानात होता. पायातली जोडवी आठवत होती. जिलबीचा पाक मनगटावर ओघळला तो तिनं पदराला पुसला, तेही आठवत होतं. चेहरा मात्र येत नव्हता. बसमध्ये बसल्या बसल्या त्यानं डोळे गच्च मिटून पाहिले, तरी आला नाही. त्याला भडभडून आलं. शेजारच्या माणसानं विचारलं, गाडी लागते का? तो म्हणाला, हो.

जत्रेत फोटोवाला होता. कापडावर ढग रंगवलेले आणि पुढे पुठ्ठ्याचं विमान. विमानाच्या पोटात दोन माणसं बसतील एवढी जागा. "बठा ना, पाव्हना," नवल म्हणाला, आणि दोघं बसले. फोटोवाला काळ्या फडक्यात डोकं घालून ओरडत होता, हलू नका, समोर पाहा. भाईदास हलला नाही. श्वास रोखून समोर पाहत राहिला. शेजारी तिचा खांदा त्याच्या दंडाला लागला होता.

फोटो नंतर मिळणार होता. नवलनं तो आणला आणि निरोप दिला. पण विमानात बसून बायकोबरोबर काढलेला फोटो आबांच्या घरात न्यायचा कसा? आबांनी फोटो फाडला असता आणि मुलाला आठवडाभर बोलले असते. भाईदासनं उलट निरोप धाडला, तुझ्याकडेच ठेव. एकदा, चुलीपाशी कोणी नाही असं पाहून, सुनंदानं हळूच विचारलं होतं, "फोटो कसा उना?"

"चांगला उना," भाईदास भिंतीकडे पाहून म्हणाला होता. फोटो त्यानं पाहिलाच नव्हता. तिनं परत कधी विचारलं नाही.

नवल घरीच होता. पाहुणा असा अचानक उगवला म्हणून तो आधी घाबरला. बहिणीची हकिगत ऐकली, आणि फोटोचं नाव काढताच कपाळाला हात लावून हसला. "इमानना फोटो! शे ना, पाव्हना. मायनी कानबाईनी पेटीमा ठेयेल शे."

पुष्पाबाईला जाऊन दहा वर्षं झाली होती. घरात कोणाचा हात पोचणार नाही अशी एकच जागा म्हणजे कानबाईची पेटी. नथ, लुगडं, चांदीचे डोळे, लग्नातला नारळ, सगळं तीत. तिथे तिनं लेक-जावयाचा फोटो ठेवला.

"मंग काढ ना," भाईदास म्हणाला.

नवलनं बायकोकडे पाहिलं. रत्ना दारात उभी होती. ती म्हणाली, "श्रावणशिवाय पेटी उघडतस नही, पाव्हना."

हे मात्र भाईदासला नाही म्हणता येण्यासारखं नव्हतं. त्याच्याही घरी पेटी होती आणि त्याच्याही घरी हीच रीत होती. वैशाखात कानबाईची पेटी उघडायला जर कोणी सांगितलं असतं तर त्यानंच त्याला हाकलून दिलं असतं. पाणी आलं, चहा आला. चहा पिता पिता त्यानं रत्नाला डॉक्टरीणबाईंचा प्रश्न सांगितला, आपलं उत्तर सांगितलं, आणि बायको काय म्हणाली तेही सांगितलं. बैलाचं सुद्धा सांगितलं. जावयानं सासुरवाडीला येऊन असं सांगायचं नसतं, पण सांगून टाकलं.

रत्नानं सगळं ऐकून घेतलं. मग उठली, डोक्यावरून पदर घेतला, देवघरात दिवा लावला, पेटीपुढे नारळ फोडला आणि हात जोडून म्हणाली, "देवीले बी डोया मेण लाई बसाडना पडतस. हाई तिनंच काम शे." आणि कडी काढली.

फोटो जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला होता. भाईदासनं तो दारातल्या उजेडात नेला आणि पाहतच राहिला. फोटोत तो स्वतः नव्हताच.

म्हणजे होता, पण टोपी आणि सदऱ्याची कॉलर एवढाच. मधे हळदीकुंकवाचा जाड थर. रत्नानं खुलासा केला. सासूबाई दर श्रावणात पेटी उघडली की कानबाईला कुंकू लावायच्या आणि मग फोटोतल्या लेक-जावयालाही लावायच्या, जोडा सुखी राहावा म्हणून. त्यांना दिसायचं कमी. लेकीचं कुंकू पदराच्या काठावर लागायचं आणि जावयाचं तोंडभर. त्या गेल्यावर रत्नानं रीत मोडली नाही. आधी जिथे लागलं होतं तिथेच ती लावत आली.

सुनंदाच्या चेहऱ्यावर मात्र कुंकवाचा कण नव्हता. पदर जत्रेच्या वाऱ्यानं मागे सरकलेला. डोळे फार मोठे नव्हते. लांबट होते. पापण्या जड, खाली आलेल्या. डावा डोळा उजव्यापेक्षा किंचित बारीक, आणि हसू ओठांवर यायच्या आधी त्याच डोळ्यात आलेलं. ती समोर पाहत नव्हती. फोटोवाला एवढा घसा फोडून ओरडत असताना ती शेजारी पाहत होती, जिथे आता नुसतं कुंकू होतं.

भाईदासला रडू फुटलं. नवल उगीचच म्हशीला पाणी दाखवायला निघून गेला.

निघताना रत्नानं फोटो स्वच्छ फडक्यात बांधून दिला आणि बजावलं, "कानबाई बसाना आधी परत पेटीमा पायजे. आनि तुमी एकला येवानं नही. नणंदबाईले ली या."

धरणगावला तो उन्हं कलताना पोचला. सुनंदाबाई ओट्यावर ज्वारी निवडत बसल्या होत्या. काळा चष्मा लावून निवडायची म्हणजे खडा राहायचाच, पण चष्मा काढायचा नाही हा हट्ट. भाईदासनं फडकं सोडून फोटो पुढे केला. त्यांनी हात पुसले नाहीत.

"डॉक्टरले दखाडा तो," त्या म्हणाल्या. "माले तुमी सांगा."

भाईदास त्यांच्यासमोर खाली बसला. फोटो फडक्यावर पालथा ठेवला.

"आयक. हाऊ फोटो मी आज पहिल्यांदा दखा. तवय तुले सांगं व्हतं चांगला उना. मी दखा नव्हता."

सुनंदाबाईंचा हात सुपात थांबला.

"तुन्हा डोया लांबट व्हतात. पापनी जड. डावा डोया जरासा बारीक. हसू पहिले त्यामाच येस, मंग तोंडवर. फोटोमा मी समोर दखस आनि तू मन्हाकडे दखस." त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. "बाकी माले माहित नही. मी दखाच नही कधी. आबा व्हतात, भाऊ व्हतात, लाज वाटे. मंग आबा गयात, लाज बी गयी, तरी मी दखा नही. सवय व्हई गयथी. चुकनं मन्हं."

गल्लीतून कोणाची तरी मोटारसायकल गेली. सुनंदाबाईंनी दोन्ही हातांनी काळा चष्मा काढला आणि सुपात, ज्वारीवर ठेवला.

"मंग आते दखा," त्या म्हणाल्या.

त्यानं पाहिलं. सोपं नव्हतं. पुढे आलेले, लाल, कडांना पाणी साचलेले डोळे. दोनदा त्याची नजर खाली गेली आणि दोनदा त्यानं ती वर आणली. तो पाहत राहिला. थोड्या वेळानं त्याला त्या डोळ्यांची भीती वाटेनाशी झाली, कीवही वाटेनाशी झाली. ते नुसते तिचे डोळे झाले. आणि मग त्याला दिसलं.

"डावा आते बी बारीक शे," तो म्हणाला.

सुनंदाबाई हसल्या. हसता हसता त्यांच्या गालांवरून पाणी वाहायला लागलं, आणि ते डोळे सुकल्यामुळे रोज वाहायचं ते पाणी नव्हतं. पदरानं तोंड पुसून त्यांनी फोटो उलटा केला, बराच वेळ पाहिला, आणि बोटानं कुंकवाचा थर जरासा खरवडून पाहिला. आत काही दिसेना.

"तुमीच कोठे दिसतस यामा?" त्या म्हणाल्या. मग सूप उचलत विचारलं, "कोनता दिनले बलायेल शे डॉक्टरनी?"

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी नर्सनं नाकातली चमकी काढायला लावली. लग्नाच्या आधीपासूनची ती, फिरकी घट्ट बसलेली. ती भाईदासनं काढली, नर्सच्या देखत, बायकोच्या तोंडाकडे नीट पाहत. मग खिशात घातली आणि सुनंदाबाई बाहेर येईपर्यंत खिशावरचा हात काढला नाही. भूमिका मॅडमबरोबर डोळ्यांचेही एक डॉक्टर होते. आत टेबलाशेजारी भिंतीवर विमानातला फोटो चिकटवला होता, असं कामिनीनं नंतर सांगितलं. मॅडम फोटो पाहून म्हणाल्या होत्या, नजर तिरकी आहे, पण चालेल, पापणी कळते.

पुढचे काही आठवडे कटकटीचे गेले. नाक शिंकरायचं नाही, वाकायचं नाही, उशाला दोन उशा, नाकात मिठाच्या पाण्याचे फवारे. खाली पाहिलं की एकाचे दोन दिसायचे. सुनंदाबाई म्हणायच्या, "आते माले दोन दोन धनी दिसतस, एकनीच सेवा पुरे व्हती." पुढे तेही कमी झालं. डोळे आत गेले. अगदी फोटोतल्यासारखे नाहीत. उजवा अजून जरा पुढे राहिला आणि वरच्या पापणीचं एक बारीक काम पुढे करावं लागेल, असं मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं. पण बुबुळाच्या खालचं पांढरं झाकलं गेलं, आणि सुपातला खडा त्यांना सापडायला लागला. काळा चष्मा कोनाड्यात पडला. नागपंचमी जवळ आली तेव्हा त्यांनी आपण होऊन बेबाबाईला निरोप दिला, यंदा देवीचे डोळे मी बसवीन.

त्याआधी फोटो पेटीत पोचवायचा होता. दोघं फागण्याला निघाले. एरंडोलला बदलून धरलेल्या धुळ्याच्या गाडीत खिडकीची जागा मिळाली. कपाशी हातभर वाढली होती आणि खिडकीतून गार वारा येत होता. फोटो सुनंदाबाईंच्या मांडीवर, त्याच फडक्यात.

भाईदास बोलत होता. यंदा बोंडअळीचं काय होईल, हेमराजनं जळगावात घर बघितलं आहे ते कसं आहे, नवलच्या म्हशीचं काय झालं. नेहमीप्रमाणे बराच वेळ उत्तर आलं नाही, म्हणून त्यानं वळून पाहिलं. सुनंदाबाईंनी डोकं खिडकीला टेकलं होतं आणि त्यांचे डोळे मिटले होते. पुरते मिटले होते. दोन्ही पापण्या खालपर्यंत आलेल्या, मधे फट नाही, पांढरं नाही. तेरा वर्षांत त्यानं हे पाहिलं नव्हतं. त्याच्या आधीही कुठे पाहिलं होतं?

तो बोलायचा थांबला. कंडक्टर येऊन तिकीट, तिकीट म्हणत दोनदा उभा राहिला आणि कंटाळून पुढे गेला. समोरच्या बाकावरची एक म्हातारी या माणसाकडे टक लावून पाहायला लागली. भाईदासला त्याचं काही वाटलं नाही. पारोळा आलं आणि गेलं.

"आते किती दखशात?" सुनंदाबाई डोळे न उघडता म्हणाल्या.

भाईदास दचकला, पण त्यानं मान वळवली नाही.

"जितलं राही गयं तितलं," तो म्हणाला.

सुनंदाबाईंनी डोळे उघडले नाहीत. डावी पापणी तेवढी जराशी हलली.